पथ्याचे पान

पथ्य हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. पथ म्हणजे वाट. त्या वाटेला धरून जे असते ते पथ्य. मूळ अर्थाने पाहिले तर या शब्दात निषेधाचा लवलेशही नाही. परंतु व्यवहारात पथ्य म्हटले की डोळ्यांपुढे येते ती वर्ज्य पदार्थांची यादी. हे खाऊ नका, ते चाखू नका, अमुक पदार्थाकडे पाहूही नका! वाट दाखवण्यासाठी आलेली गोष्ट वाट अडवून उभी राहिल्यासारखी वाटू लागते. मौज अशी की, एखादी घटना अनपेक्षितपणे हिताची ठरली, म्हणजे तोच माणूस ती आपल्या पथ्यावर पडली असे आनंदाने सांगतो. भाषेने जपलेला हा अर्थ जेवणाच्या पानापर्यंत मात्र पोहोचत नाही.

अलीकडे डॉक्टर ज्या पथ्याचा सल्ला वारंवार देतात ते आहे पिष्टमय पदार्थ कमी करण्याचे. ‘गोड सोडा’ एवढे सांगितले की पूर्वी काम भागत असे. आजचा डॉक्टर एक पाऊल पुढे जातो आणि भात, पोळी, पोहे, बटाटा यांवर बोट ठेवतो. मराठी जेवणाची सुरुवात वरणभाताने आणि सांगता ताकभाताने. त्यामुळे हा सल्ला ऐकणाऱ्याला आपल्या पानात आता मीठ, लिंबू आणि चटणी एवढेच उरणार असे वाटले तर नवल नाही.

दिल्लीच्या नैर्ऋत्य भागातील आर. के. पुरम ही केंद्र सरकारच्या नोकरांची मोठी वसाहत. तिला नाव दिले रामकृष्ण परमहंसांचे. परंतु रोजच्या बोलण्यात उरली ती इंग्रजी आद्याक्षरे आणि सेक्टरांचे आकडे. येथे एकाच जिन्यावर तमिळ, बंगाली, पंजाबी आणि मराठी बिऱ्हाडे सुखाने नांदतात. सकाळी एका दारातून सांबाराचा वास येतो, दुसऱ्यातून पराठ्यांचा आणि तिसऱ्यातून पोह्यांच्या फोडणीचा. वास निराळे, परंतु या साऱ्या न्याहाऱ्यांचा पाया एकच असतो. तो म्हणजे धान्याचे पिष्ट.

या वसाहतीतील पंचेचाळिशी ओलांडलेल्या एखाद्या मराठी अधिकाऱ्याचा दिनक्रम पाहावा. सकाळी पोहे आणि गोड चहा. दुपारच्या डब्यात चार पोळ्या, बटाट्याची भाजी आणि थोडा भात. कार्यालयात तीनदा चहा, त्यासोबत बिस्किटे. कोणाची बढती झाली म्हणून लाडू, कोणी निवृत्त होतो म्हणून समोसा आणि बर्फी. सकाळपासून संध्याकाळपर्यंत फायली हलतात. अधिकारी खुर्चीतच असतो. केंद्र सरकारी आरोग्य योजना १९५४ साली दिल्लीतच सुरू झाली. तिच्या दवाखान्यात हे गृहस्थ एके दिवशी कशासाठी तरी जातात, रक्त तपासले जाते आणि कागदावर आकडे उमटतात: उपाशीपोटी साखर १४०, तीन महिन्यांच्या सरासरीचा निर्देशांक ७.४. पहिला आकडा १२६ च्या आणि दुसरा ६.५ च्या घरात गेला की मधुमेह समजतात. दुखत काही नसते, खुपत काही नसते. म्हणूनच हा रोग फसवा. वेदना देत नाही तोवर तो डोळे, मूत्रपिंडे, हृदय आणि पायांच्या नसा यांचे नुकसान निमूटपणे करीत राहतो.

डॉक्टरांचा सल्ला सोपा असतो. साखर आणि मैदा बंद, पोळ्या निम्म्या, भात अगदी थोडा. त्यांच्या जागी भाज्या, उसळी, दही, पनीर, चालत असल्यास अंडी आणि मासे. सल्ला सोपा, परंतु त्यामागचे गणित समजल्याखेरीज तो मनाला पटत नाही.

निरोगी प्रौढ माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असते. त्या सबंध रक्तात एका वेळी विरघळलेली साखर किती? जेमतेम ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. आता पानाकडे वळावे. एका मध्यम पोळीत १५ ते २० ग्रॅम पिष्ट असते आणि भाताच्या भरल्या वाटीत सुमारे ४० ग्रॅम. पचनानंतर या पिष्टाची साखरच होते. चार पोळ्या, वाटीभर भात आणि बटाट्याची भाजी असे जेवण झाले की शंभर ग्रॅमांहून अधिक साखर, म्हणजे रक्तात मावते त्याच्या वीसपट, दोन-तीन तासांत शरीराला ठिकठिकाणी पोहोचवावी लागते. हे काम इन्सुलिनचे. यकृत आणि स्नायू ते दाद देतात तोवर सारे सुरळीत चालते. वर्षानुवर्षांच्या भाराने त्यांनी दाद देणे कमी केले की साखर रक्तातच घोटाळत राहते. आलेली टपाले निकालात निघण्यापूर्वीच नवी येऊन पडावीत, तशी ही अवस्था. कार्यालयातल्या माणसाला ती समजावून सांगावी लागत नाही.

या गणिताने मराठी घरातील काही लाडक्या समजुतींना धक्का बसतो. पहिली समजूत अशी की पोळी सोडून भाकरी धरली म्हणजे पथ्य झाले. ज्वारी, बाजरी, नाचणी यांत चोथा अधिक, हे खरे. मैद्यापेक्षा ती केव्हाही चांगली. परंतु त्यांच्या शंभर ग्रॅम पिठातही साधारण ६० ते ७० ग्रॅम कर्बोदके असतात. तेव्हा भाकरी चांगली. तीन भाकरी चांगल्या नव्हेत. दुसरी समजूत गुळाची. गूळ काळा असो की पिवळा, रक्ताला तो साखरच वाटतो. तिसरी समजूत उपवासाची. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. खिचडी, बटाट्याचा कीस, केळी आणि रताळी यांनी साजरी झालेली एकादशी हा अनेक मधुमेह्यांचा साखर सर्वांत चढण्याचा दिवस असतो. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण रचणाऱ्याला रसायनशास्त्र ठाऊक नव्हते. पण निरीक्षण अचूक होते.

मग खायचे काय? या प्रश्नाचे उत्तर परदेशी पुस्तकांत शोधण्याची गरज नाही. मटकीची उसळ, मेथीची डाळ घालून केलेली भाजी, दाण्याचे कूट घातलेली भरली वांगी, काकडीची कोशिंबीर, अळूचे फदफदे, ताक, सोलकढी, कोकणातले मासे हे सारे आपल्याच स्वयंपाकघरातले आहे. दिल्लीच्या थंडीत तर मेथी, पालक, मुळा आणि फ्लॉवर यांची लयलूट असते. आजवर या पदार्थांचे काम भाताला आणि पोळीला साथ देण्याचे होते. आता त्यांनी पानाच्या मध्यभागी यावे आणि भाताने थोडे बाजूला सरकावे, इतकाच हा बदल. जेवणाचा क्रमही महत्त्वाचा. आधी भाज्या आणि उसळ, शेवटी धान्य, अशा क्रमाने जेवले तर तेच अन्न पोटात जाऊनही साखर कमी चढते, असे प्रयोगांत आढळले आहे.

हे पथ्य वाटते तितके नवे नाही. लंडनमध्ये विल्यम बँटिंग नावाचा एक अंत्यविधीचा व्यवस्थापक होता. उंची पाच फूट पाच इंच, वजन २०२ पौंड. १८६२ साली तो ऐकू येत नाही म्हणून डॉ. विल्यम हार्वे यांच्याकडे गेला. हार्वे यांनी पॅरिसमध्ये क्लोद बर्नार या थोर शास्त्रज्ञाची यकृत आणि साखर यांवरील व्याख्याने ऐकली होती. त्यांनी कानाऐवजी पानाचा विचार केला आणि पाव, साखर, बटाटे, बिअर वर्ज्य करायला सांगितले. वर्षभरात बँटिंगचे वजन ४६ पौंडांनी उतरले. १८६३ साली त्याने आपला अनुभव एका छोट्या पुस्तिकेत छापला. ती इतकी गाजली की स्वीडिश भाषेत पथ्य करून वजन उतरवण्याला आजही त्याच्या आडनावावरूनच क्रियापद वापरतात.

आपल्याकडचा वारसा त्याहूनही जुना. प्रमेहाच्या कारणांत चरकाने बैठे सुख, झोपेचे सुख, दही, नवे धान्य आणि गुळाचे पदार्थ मोजले आहेत. रोग्याच्या आहारात जवाला मान दिला आहे. सुश्रुताने तर निर्धन रोग्याने पायांत जोडा व डोक्यावर छत्री न घेता शंभर योजने चालावे, किंवा विहीर खणावी, असे सुचवले आहे. आर. के. पुरममध्ये विहीर खणायची तर सार्वजनिक बांधकाम विभागाची परवानगी काढावी लागेल! परंतु सेक्टर ७ मधील मलै मंदिराच्या टेकडीच्या पायऱ्या चढायला आणि जेवणानंतर बागेला दोन फेऱ्या घालायला कोणाचीही मंजुरी लागत नाही.

भारतीयांच्या बाबतीत या पथ्याला विशेष अर्थ आहे, आणि तो उलगडण्यात पुण्याचा वाटा मोठा. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन यूडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचेच एक जोडचित्र छापले. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक तंतोतंत सारखा: २२.३. परंतु शरीरातील चरबीचे प्रमाण यूडकिन यांचे ९.१ टक्के, तर याज्ञिक यांचे २१.२ टक्के! वरून सडपातळ दिसणारा भारतीय आतून स्थूल असू शकतो, हे त्या चित्राने जगाला दाखवले. ‘मी कुठे जाड आहे?’ हा मराठी माणसाचा आवडता बचाव त्यामुळे लंगडा पडतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीने देशात १० कोटी १० लाख मधुमेही आणि आणखी १३ कोटी ६० लाख त्याच्या उंबरठ्यावर असल्याचा अंदाज दिला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार एकूण उष्मांकांपैकी तृणधान्यांचा वाटा ४५ टक्क्यांहून अधिक असू नये. बहुसंख्य भारतीय पानांत तो याहून पुष्कळ मोठा असतो. म्हणजे डॉक्टर जे सुचवतात ते जगावेगळे नाही. ढळलेला तोल सावरण्याचाच तो प्रयत्न आहे.

परंतु ‘खाईन तर तुपाशी, नाही तर उपाशी’ ही वृत्ती येथेही आड येते. कोणी उत्साहाच्या भरात एकाच दिवशी सारे धान्य सोडतो. जो इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही विशिष्ट गोळ्या घेत आहे, त्याने औषधाचे प्रमाण न बदलता असे केले तर साखर एकदम घसरून चक्कर, घाम, क्वचित बेशुद्धीही येऊ शकते. ज्याची मूत्रपिंडे दुर्बल झाली आहेत त्याने प्रथिने मनास येईल तितकी वाढवू नयेत. गर्भवतीने तर स्वतःच्या मनाने हा मार्ग धरूच नये. ‘डॉक्टरांच्या सल्ल्याने’ हे शब्द या पथ्याचा पायाच आहेत. फळाच्या बाबतीतही अतिशयोक्ती नको. सहा महिन्यांत या आहाराने साखर व वजन इतर आहारांपेक्षा अधिक उतरते, असे अनेक प्रयोगांत दिसले. परंतु वर्ष उलटले की हा फरक बराच ओसरतो. त्याचे एक मोठे कारण साधे आहे. माणसे हळूहळू जुन्या पानावर परततात. तेव्हा कडक पथ्य दोन महिने पाळण्यापेक्षा सौम्य पथ्य दहा वर्षे पाळणे श्रेयस्कर.

ते दहा वर्षे टिकायचे तर ते एकट्याचे असून चालत नाही. औषधाच्या चिठ्ठीवर नाव एकाचे असते. पथ्याचा भार मात्र स्वयंपाकघरावर पडतो. गृहिणी सकाळी सहाला उठून यजमानांसाठी उसळ, मुलांसाठी पोळ्या आणि सासूबाईंसाठी मऊ भात असा तीन प्रकारचा स्वयंपाक करते, आणि उरलेला भात वाया जाऊ नये म्हणून स्वतः खाते. मग चार वर्षांनी तिच्याही रक्ताचे आकडे वाढतात. हे पथ्य नव्हे; रोगाची बदली झाली इतकेच. भाजी सर्वांच्या पानात वाढली, निवडणे-चिरणे यजमानांनी हाती घेतले आणि आग्रहाने वाढण्याची रीत भाताऐवजी कोशिंबिरीकडे वळवली, तरच घरात एक पथ्य नांदते. म्हाताऱ्या आईला मुलाने भात नाकारणे म्हणजे आपली माया नाकारणे वाटते. तिला आकडे सांगून उपयोग नाही. दुसऱ्यांदा मागून घेतलेली तिच्या हातची उसळ तिला अधिक पटते.

याच घरात भांडी घासायला येणाऱ्या बाईचे घर स्वस्त धान्याच्या दुकानातील गव्हा-तांदळावर चालते. २०१३ सालच्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी दरमहा ५ किलो धान्याची हमी दिली आणि भूक मागे हटवली, हे मोठेच काम झाले. परंतु डाळ, दूध, अंडी आणि भाजी विकतच घ्यावी लागते, आणि मधुमेह पगाराची श्रेणी पाहून येत नाही. तिलाही जर डॉक्टरांनी हेच पथ्य सांगितले तर ते तिने कोणत्या पैशांत पाळावे? पानात धान्याची जागा डाळीने आणि भाजीने घ्यावी हा सल्ला जोवर काही घरांनाच परवडतो, तोवर तो अपुराच राहणार.

ज्या निर्देशांकावर डॉक्टरांची भिस्त असते तो सुमारे तीन महिन्यांनी पुन्हा पाहण्यात अर्थ असतो; कारण रक्तातील तांबड्या पेशींचे आयुष्य साधारण १२० दिवसांचे, आणि गोड दिवसांची नोंद त्या स्वतःवरच वागवत असतात. नव्या पेशी आल्या की जुनी नोंद पुसली जाते. पथ्य सुरू करणाऱ्याला निसर्गाने दिलेले हे केवढे आश्वासन! मागचा हिशेब कितीही चुकलेला असो, तीन-चार महिन्यांच्या संयमाने रक्तापुरते तरी नवे पान उघडता येते. त्या पानावर भाताची एक लहानशी मूद असायलाही हरकत नाही. ती मधोमध बसून साऱ्या पानावर राज्य करीत नाही ना, एवढे पाहिले म्हणजे झाले.