चालती चित्रे आणि आपल्या शाळा



आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा आपल्यापैकी काहींनी नाके मुरडली असतील. संगणकावरच्या खेळांची चित्रे काढण्याची आणि ती हलवण्याची विद्या माध्यमिक शाळेत शिकवावी काय? ज्या मोबाईलपायी मुले अभ्यास विसरली असे आपण रोज म्हणतो, त्याच मोबाईलमधले खेळ आता वर्गात आणून बसवायचे? शिवाय आपला जिल्हा कोणता? २०११ च्या जनगणनेत साक्षरतेच्या बाबतीत सबंध महाराष्ट्रात शेवटचा. येथे आधी मुलांना नीट वाचता येऊ द्या, मग चित्रे हलवा, असे कोणी म्हटले तर त्याला मी वेडगळ म्हणणार नाही. त्याचा प्रश्न खरा आहे, आणि त्याचे उत्तर दिल्यावाचून मी खाली बसणार नाही.

पण आधी एक घोटाळा दूर केला पाहिजे. खेळ खेळणे आणि खेळ घडवणे या गोष्टींत जेवणे आणि रांधणे यांच्याइतके अंतर आहे. दिवसभर खेळणारा मुलगा त्यामुळे चित्रकार होत नाही. दिवसभर चरणाऱ्याला आपण आचारी म्हणत नाही, तसेच हे.

ही विद्या आपल्याकडे परकी आहे असे मानण्याचेही कारण नाही. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. १९१२ साली, ‘राजा हरिश्चंद्र’ काढण्यापूर्वी, त्यांनी कुंडीत वाटाण्याचे रोप लावले, दिवसामागून दिवस त्याची थोडी थोडी छायाचित्रे घेतली, आणि कोंब फुटून वेल वर चढेपर्यंतची वाढ पडद्यावर पाहता पाहता घडवून दाखवली. भांडवल देणाऱ्याची खात्री पटली ती त्या वाटाण्याने! पुढे १९१५ साली त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ हा लहानसा चित्रपट केला. काडी किंचित सरकवायची, एक चित्र घ्यायचे, पुन्हा सरकवायची, पुन्हा चित्र घ्यायचे. सगळी चित्रे भरभर दाखवली की काड्या आपोआप नाचू लागतात. आज पुण्यामुंबईच्या मोठमोठ्या कलागृहांतून चालते ते याच तत्त्वावर. आपल्या गावाबाहेर मिरचीच्या पथाऱ्या लाल होऊन पडलेल्या असतात. आगकाड्यांच्या जागी चार मिरच्या घ्या, बाकावर ठेवा, गुरुजींचा एक मोबाईल विटेला टेकवून स्थिर करा. पहिला धडा सुरू झाला. खर्च मिरच्यांचा, आणि त्याही संध्याकाळी घरी परत नेता येतात.

आता खरी कसोटी कोठे लागते ते पाहू. पडद्यावरच्या एका सेकंदात चोवीस चित्रे जातात. प्रत्येक चित्र दोनदा वापरले तरी बारा काढावी लागतात. म्हणजे दहा सेकंदांच्या हालचालीला एकशेवीस चित्रे झाली. इतकी चित्रे काढायची तर आधी पाहावे लागते, आणि पाहणे हे काढण्याहून कठीण आहे. थोरामोठ्या चित्रकारांनी शतकानुशतके भरधाव घोडा काढला तो पुढचे पाय पुढे आणि मागचे पाय मागे ताणून, जणू हवेत पसरलेला. १८७८ साली अमेरिकेत माय्‌ब्रिज नावाच्या छायाचित्रकाराने शर्यतीच्या वाटेवर ओळीने कॅमेरे लावून धावत्या घोडीची चित्रे घेतली, तेव्हा उलगडा झाला की चारही पाय जमिनीवरून सुटतात खरे, परंतु ते पाय पोटाखाली गोळा झालेले असताना. इतक्या डोळ्यांना जे दिसले नव्हते ते त्या चित्रांनी दाखवले.

आपल्या जिल्ह्यात सारंगखेड्याला दत्तजयंतीपासून तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो. तेथे येणारा जाणता गिऱ्हाईक घोड्याचा रंग नंतर पाहतो, चाल आधी पाहतो. साध्या चालीत डावा मागचा, डावा पुढचा, उजवा मागचा, उजवा पुढचा असे पाय क्रमाने पडतात. दुडकीत तिरकी जोडी एकदम उचलते. हे घोडेवाल्याच्या पोराला कोणी शिकवलेले नसते, त्याच्या अंगात असते. मुंबईच्या विद्यार्थ्याला त्यासाठी चित्रफिती धुंडाळाव्या लागतात. आमचा शहाद्याकडचा नववीतला मुलगा एक वही आणि पेन्सिल घेऊन दोन दिवस त्या बाजारात बसला, तर चलच्चित्राचा अर्धा अभ्यासक्रम त्याच्या वहीत उतरेल. वहीच्या कोपऱ्यात पानोपानी एकेक पाऊल काढावे आणि अंगठ्याने पाने सोडावीत. घोडा चालला तर चालला, लंगडला तर कोठे चुकले ते तेथल्या तेथे कळते.

खेळातील चित्राला आणखी एक अट असते. चित्रपटात घोडा केव्हा धावेल ते दिग्दर्शक ठरवतो, खेळात ते खेळणारा ठरवतो. म्हणून चालीचे शेवटचे चित्र पहिल्याला बेमालूम जुळले पाहिजे, म्हणजे तेच आवर्तन तबल्याच्या ठेक्यासारखे हवे तितके फिरवता येते. बाकीचे कसब आपल्या ओळखीचेच आहे. संगणकातील आकृती आधी कामट्यांच्या आकाशकंदिलासारखी नुसती सांगाड्याची असते. तिच्यावर रंगीत कातडे चढवायचे तर शिंपी अंगरखा बेततो तसे ते सपाट पसरून कापावे लागते. मग कळसूत्री बाहुलीला दोऱ्या बांधाव्यात तसे आत सांधे बसवायचे. यासाठी लागणारी ‘ब्लेंडर’ नावाची संगणकप्रणाली २००२ पासून सर्वांना मोफत आहे. लॅटव्हियासारख्या चिमुकल्या देशातील एका तरुणाने तिच्यावर ‘फ्लो’ हा चित्रपट केला आणि २०२५ साली त्याला ऑस्कर मिळाले. आपल्या पुण्यात तयार झालेला ‘राजी’ हा खेळ २०२० साली बाहेर आला. भावाला सोडवायला निघालेल्या एका मुलीची ती गोष्ट; चित्रांची धाटणी पहाडी शैलीची, आणि मधले प्रसंग छायाबाहुल्यांनी सांगितलेले. घरची शिदोरी घेऊन जगाच्या बाजारात जाता येते, एवढे त्यावरून दिसते.

येथे पालकांना एक सावधगिरीचा शब्द सांगितला पाहिजे. केंद्र सरकारने २०२२ साली या व्यवसायासाठी कृतिदल नेमल्याची घोषणा केल्यापासून गुळगुळीत जाहिरातींना ऊत आला आहे. दहावी झालेल्या पोराकडून मोठी फी उकळून सहा महिन्यांत ‘नोकरीची हमी’ देणारी दुकाने मी पाहिली आहेत. ती शिकवतात कळ कोणती दाबावी एवढेच. आणि कळ दाबण्याचे काम तर आता यंत्रच करू लागले आहे. दोन मुख्य चित्रांमधली भरतीची चित्रे काढून देणे, हे परदेशी कंपन्यांचे काम आपल्याकडे पुष्कळ येई. यंत्राची कुऱ्हाड प्रथम पडते आहे ती त्यावरच. म्हणून केवळ कळा शिकलेल्या मुलाचे भवितव्य मला सुरक्षित वाटत नाही, आणि शेत गहाण टाकून ती शिकवणी घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यापेक्षा एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या जुन्या चित्रकला परीक्षांना मुले बसवा. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाईन संस्थेत आणि मुंबईच्या आय.आय.टी.त बारावीनंतर कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला प्रवेशपरीक्षा देता येते. दोन्हीकडे हाताने चित्र काढावे लागते आणि दोन्हीकडे अनुसूचित जमातींसाठी राखीव जागा आहेत. ही वार्ता धडगाव-अक्कलकुव्याच्या आश्रमशाळांत किती जणांच्या कानावर गेली असेल? ती नेणारा माणूस म्हणजे चित्रकलेचे गुरुजी. आणि आपल्या शाळांत चित्रकलेच्या तासाला काय होते? गणिताचा राहिलेला भाग उरकतात. ज्या शाळेला संगणकांची खोली हवी आहे तिने प्रथम तो तास आणि तो शिक्षक मागून घ्यावा. संगणक दोन वर्षे उशिरा आले तरी चालतील.

राहिला वाचनाचा प्रश्न. आपल्याकडील कितीतरी मुले घरी भिली, पावरी, मावची बोलतात आणि शाळेत येऊन गप्प बसतात. मराठीच्या तासाला त्यांना उत्तर येत नाही असे नाही, शब्द सापडत नाही. अशा मुलाला काठीच्या होळीचे चित्र काढायला सांगा. मोरपिसांचा टोप, कमरेचे घुंगरू, ढोलाची ओळ, सगळे तो काढील. चलच्चित्राच्या कामात पहिली पायरी असते ती चित्रपाटीची: कागदावर सहा चौकोन, प्रत्येकात एक प्रसंग, आणि खाली काय घडते याची एक ओळ. त्या ओळीवाचून पुढचे काम करणाऱ्या मित्राला काही कळत नाही. म्हणून ती लिहावी लागते, मित्राला वाचावी लागते आणि चुकली तर दोघांचे भांडण होते. वाचायला लावणारा याहून चांगला धडा मला ठाऊक नाही. गुरुजींनी एवढेच करावे, की ती ओळ पहिल्यांदा पावरीत लिहू द्यावी आणि दुसऱ्या दिवशी तिच्याखाली मराठी लिहून घ्यावी.