वाहता कान आणि उजवीकडचं हृदय

कानाची रचना आपण सगळे शाळेत शिकलो, तिथं थांबत नाही. अकोल्याहून अमरावतीला मी एकच मागणं घेऊन आलो आहे. कानाच्या सीटी स्कॅनच्या चिठ्ठीवर नुसतं 'कान वाहतो' लिहू नका. नाक, छाती आणि जन्मावेळचा श्वासही लिहा.

प्रायमरी सिलिअरी डिस्किनेशिया हा दुर्मीळ आनुवंशिक आजार. श्वासनलिकेत, सायनसमध्ये, मधल्या कानाच्या नळीत सूक्ष्म तंतू असतात. सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलून ते स्राव पुढे ढकलतात. या आजारात ती हालचालच बिघडलेली असते. मग मधल्या कानात चिकट पाणी साचतं, ऐकू कमी येतं. कानामागच्या मास्टॉइड हाडात लहानपणी हवेचे कप्पे तयार व्हायचे, ते खुंटतात. स्कॅनवर हाड भरीव पांढरं आणि हवेच्या काळ्या जागी करडेपणा दिसतो. नेमकं हेच चित्र साध्या, जुनाट कानदुखण्यातही दिसतं! एकट्या स्कॅनवरून निदान होत नाही, म्हणून माझा चिठ्ठीचा हट्ट.

एका आजीबाईंनी नातवाला आणलं. "कान वायतेच जी याचा, उन्हाळा असो का पावसाळा." पोराला बारमाही सर्दी, खोकला. पिशवीत छातीचा जुना एक्स-रे होता. फिल्म उलटी पडली असं समजून कुणीतरी बाजूची खूण खोडली होती. फिल्म सरळच होती, हृदयच उजवीकडे होतं. (समोरून आवाज: "मग प्रेम कोणत्या बाजूनं?" हशा.) हसा, पण ती खूण खोडल्यानं त्या पोराची वर्षं गेली. गर्भात असेच तंतू डावं-उजवं ठरवतात. ते बंद पडले की निम्म्या जणांत अवयवांच्या बाजू उलटतात. कार्टागेनर यांनी 1933 मध्ये सायनस, फुफ्फुस आणि उलटे अवयव यांची सांगड घातली. तंतूंतला दोष अफझेलियस यांनी 1976 मध्ये दाखवला. उरलेल्या निम्म्यांचं हृदय डावीकडेच असतं, ते तर आणखीच निसटतात.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाचच मिनिटं. कान-नाक-घसा तज्ज्ञ मित्रांच्या कपाळावर आठ्या दिसताहेत. मी शस्त्रक्रियेच्या विरोधात नाही. पण या मुलांच्या पडद्यात नळी बसवली तर कान दीर्घकाळ वाहत राहू शकतो. काहींना श्रवणयंत्रच सोयीचं पडतं. म्हणून आजार आधी कळायला हवा.

दोष बहुधा आई आणि वडील दोघांकडून येतो, म्हणून नात्यातल्या लग्नाची चौकशी करा. कुणाला दोष देण्यासाठी नाही, धाकट्या भावंडांना तपासण्यासाठी. पूर्ण दिवसांच्या बाळाला जन्मताच ऑक्सिजन लागला होता का, हेही विचारा. जनुक तपासणीला नमुना बाहेर पाठवावा लागला तरी श्रवणचाचणी इथंच होते. ती याच आठवड्यात करा, आणि शाळेला कळवून पोराला पहिल्या बाकावर बसवा.