मोटारीचा शौक आणि थोडे गणित

अंबरनाथ म्हटले की बाहेरच्या माणसाला शके 982 चा शिलालेख असलेले शिवमंदिर आठवते, आणि जुन्या पिढीतल्या माणसाला आगपेट्यांचा कारखाना. पूर्वेला राहणाऱ्या आम्हा मंडळींना तिसरीही एक गोष्ट ठाऊक असते. इथल्या तरुण मुलांच्या हाताला यंत्राची सवय आहे. आनंदनगरची औद्योगिक वसाहत हाकेच्या अंतरावर. कुणी टर्नर, कुणी फिटर, कुणी वेल्डर. असा मुलगा चार पैसे गाठीला बांधून जुनी मोटार घेतो तेव्हा ती नुसती चालवून त्याचे समाधान होत नाही. बॉनेट उघडून आत हात घातल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. आत आहे ते नीट चालते आहे एवढ्यावरही तो थांबत नाही. आहे त्याहून जास्त कसे चालेल, हा त्याचा खरा प्रश्न. या शौकाविषयी आज थोडे बोलायचे आहे.

शौक हा शब्द आपण जरा नाक मुरडूनच उच्चारतो. गाण्याचा शौक असला तर घराण्याचे नाव होते; मोटारीचा असला तर मुलगा हाताबाहेर गेला, असे शेजारीपाजारी म्हणू लागतात. वास्तविक मोटारवाल्यांनी एकत्र जमणे आपल्याकडे काही नवे नाही. मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन 1919 साली निघाली. तेव्हा मोटार बाळगणे हे संस्थानिक, व्यापारी आणि मोठे साहेब यांचेच काम होते, हे खरे. मोटारीचा शौक मध्यम स्थितीतल्या घरात शिरला तो पुष्कळ नंतर, आणि आमच्या भागापुरते सांगायचे तर तो फियाटच्या पाठीवर बसून आला.

ही फियाट आमच्याच मध्य रेल्वेच्या मार्गावर, कुर्ल्याला तयार होत असे. वालचंद हिराचंद यांच्या उद्योगसमूहाने 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली, आणि 1950 नंतरच्या दशकात तिथून फियाट 1100 बाहेर पडू लागली. हिचेच पुढचे रूप 1970 नंतर पद्मिनी या नावाने ओळखले जाऊ लागले. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणजे हीच. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी 2003 च्या ऑक्टोबरात झाली होती. वीस वर्षांची मुदत संपली आणि 30 ऑक्टोबर 2023 पासून ही टॅक्सी रस्त्यावरून गेली. खाजगी मालकांनी जपलेल्या पद्मिनी मात्र अजून आहेत. हौशी मंडळी तिच्यावर जीव टाकतात याचे कारण सोपे आहे. तिच्या पोटात काही गुपित नाही. बॉनेट उघडले की कार्बोरेटर समोर, प्लग समोर, डिस्ट्रिब्यूटर समोर. एक पाना, एक स्क्रूड्रायव्हर आणि फीलर गेज घेऊन बसले की सकाळ कशी गेली ते कळत नाही.

सुट्टीच्या दिवशी सकाळी आमच्याकडे अशा आठ-दहा गाड्या एकत्र येतात. क्लब म्हणावे तर ना फलक, ना वर्गणीची पावती. फियाट दोन-तीन, बाकी मारुती, एखादी जुनी जीप, आणि अलीकडे नव्या डिझेल गाड्याही. चहा येतो, बॉनेटे उघडतात, आणि एकाच्या इंजिनावर सहा डोकी वाकतात. मी तिथे जातो तो ऐकायला. वर्गात जी मुले मागच्या बाकावर बसून घड्याळाकडे पाहत असतात, तीच इथे टॅपेटच्या फटीवर अर्धा तास वाद घालतात आणि इंचाच्या हजाराव्या भागात बोलतात. गणित शिकवणाऱ्या माणसाला याचा हेवा वाटला तर नवल नाही.

परवा एकाने विचारले, “सर, हिचे चाळीस घोडे आहेत. मी पन्नास केले तर ही किती पळेल?”

प्रश्न झकास आहे, आणि याचे उत्तर कागदावर निघते. मोटार वेगात असली की तिची बरीचशी ताकद समोरचा वारा कापण्यात जाते. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि तो विरोध मोडायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने. वेग दुप्पट हवा असेल तर ताकद आठपट लागते. आता चाळिसाचे पन्नास म्हणजे सव्वापट. सव्वाचे घनमूळ काढा: 1.077 येते. म्हणजे गाडीची धाव संपता संपता काटा 115 वर जात असेल, तर तो 124 वर जाईल. ताकद शेकडा 25 वाढली, वेग शेकडा 8 सुद्धा वाढला नाही. त्या मुलाने दोनदा गुणाकार करून पाहिला आणि म्हणाला, “एवढंच?” हो, एवढंच. चढावर आणि जागेवरून उचलताना फरक जास्त जाणवेल, ती गोष्ट निराळी.

बरे, हे दहा घोडे तरी येणार कुठून? मुले तीन वाटा सांगतात. पहिली वाट बोअर वाढवण्याची. या इंजिनाचा सिलिंडर 68 मिलिमीटर रुंद आणि पिस्टनची धाव 75 मिलिमीटर. चार सिलिंडर मिळून 1089 घन सेंटिमीटर. बोअर करून 1 मिलिमीटर मोठा पिस्टन घातला की 1121 होतात. शेकडा 3 ची वाढ. दुसरी वाट हेड घासण्याची. ग्राइंडिंग मशीनवर हेडची खालची बाजू मिलिमीटरभर उतरवली की वरची पोकळी लहान होते आणि मिश्रण जास्त दाबले जाते. दाबाचे प्रमाण मूळचे 8 धरले आणि पोकळीचे तोंड सिलिंडरइतके रुंद मानले, तर ते 8.7 पर्यंत चढते. पुस्तकी हिशेबाने त्याचा लाभ शेकडा अडीच. उलट मिश्रण वेळेआधी पेटून इंजिन नॉक करू लागले, तर पिस्टनचा माथा जायला वेळ लागत नाही. तिसरी वाट सर्वांत लाडकी: सायलेन्सर काढून पोकळ नळी बसवणे. हिने आवाज नक्की वाढतो. ताकद वाढल्याचा भास होतो तो पुष्कळसा कानाचाच. आणि गल्लीतल्या आजारी माणसाची झोप जाते, हा हिशेब कुणी मांडत नाही.

माझ्या पाहण्यात, जुन्या गाडीला जे घोडे मिळवून दिले जातात ते बहुतेक तिचेच हरवलेले असतात. प्लगमधली फट चुकलेली, पॉइंट जळलेले, कार्बोरेटरच्या जेटमध्ये कचरा, टॅपेट घट्ट, हवेचा फिल्टर बुजलेला. हे सगळे जागेवर आणले की मालक म्हणतो, गाडी नवी झाली. त्यात आता पेट्रोलची भर पडली आहे. आपल्या पेट्रोलमध्ये हल्ली 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. उसाच्या मुलखात त्याचे स्वागतच व्हायचे. पण कार्बोरेटरच्या जुन्या गाडीला ते जपून पाजावे लागते. इथेनॉल जुन्या रबराला मानवत नाही, तेव्हा पेट्रोलच्या नळ्या आणि पंपाचा पडदा बदलून घ्यावा. त्याची उष्णताही पेट्रोलच्या दोनतृतीयांशच, म्हणून तोच जेट ठेवला तर मिश्रण पातळ पडते आणि इंजिन तापते. एक नंबर मोठा जेट लावून प्लगचा रंग पाहावा. तो पांढराफटक पडला तर पोटात पेट्रोल कमी जाते आहे, आणि फिकट तपकिरी असला तर ठीक. हे काम कुणी घरच्या अंगणात केले तर त्याला माझा शंभर टक्के पाठिंबा आहे.

नव्या गाड्यांत प्रकरण निराळे आहे. तिथे पेट्रोल किती द्यायचे आणि ठिणगी केव्हा पाडायची ते एक छोटा संगणक ठरवतो. त्याच्यातले आकडे बदलून देणारी माणसे आता गावोगाव झाली आहेत. टर्बो बसवलेल्या डिझेल गाडीत या युक्तीने ताकद खरोखर वाढते, आणि म्हणून ती अधिक धोक्याची. क्लच, गियर आणि टायर पूर्वीच्याच ताकदीला बेतलेले असतात. त्यांना या बदलाची वर्दी कुणी दिलेली नसते.

आणि ब्रेकला? इथेच मला या मुलांची काळजी वाटते. त्या दिवशी मी कागदाची दुसरी बाजू वापरली. फियाटच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक. चार माणसे बसल्यावर गाडीचे वजन 1200 किलो धरू. ताशी 80 किलोमीटरवरून ती थांबवायची तर ब्रेकला जी उष्णता गिळावी लागते, तिच्यात जवळजवळ एक लिटर पाणी उकळीला येईल. ताशी 100 वरून थांबवली तर दीड लिटर. वेग सव्वापट आणि उष्णता दीडपटीहून जास्त, कारण इथेही वर्ग आहे. घाट उतरताना हीच उष्णता पुन्हा पुन्हा पोटात जाते, ड्रम तापतो, आणि पाय पार टेकला तरी गाडी ऐकत नाही. आता अंतराचे पाहा. रस्ता कोरडा आणि टायर चांगले असतील तर ताशी 60 वरून थांबायला ब्रेक लागल्यानंतर सुमारे 20 मीटर लागतात. 80 वरून 36. शिवाय डोळ्यांनी पाहून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद जातो. तेवढ्यात 60 ची गाडी 17 मीटर आणि 80 ची 22 मीटर पुढे गेलेली असते. काटई-बदलापूर रस्ता रात्री मोकळा दिसतो म्हणून तिथे गाडी ताणून पाहण्याचा मोह होतो, हे मला ठाऊक आहे. त्याच रस्त्याने पाळी सुटलेला कामगार सायकलवरून घरी जात असतो, आणि त्याच्या सायकलला मागे दिवा असेलच असे नाही.

कागदावर मुलांचा विश्वास बसला नाही, ते बरेच झाले. एका कारखानदाराने सुट्टीच्या दिवशी आपले बंद आवार वापरू दिले. खडूने रेघ मारली, टेप घेतली, आणि ताशी 40 ला एकेक गाडी आणून रेघेवर ब्रेक दाबायचा, असे ठरले. कागदी उत्तर 9 मीटर. प्रत्यक्षात एकही गाडी 9 मीटरांत थांबली नाही, आणि सर्वांत जास्त आवाज करणारी गाडी सर्वांत लांब जाऊन थांबली, तीही उजवीकडे ओढत. तिच्या मालकाने सायलेन्सरवर पैसे घातले होते आणि ब्रेकचे लायनर कित्येक वर्षांत पाहिले नव्हते. यानंतर जे झाले ते मला फार आवडले. त्या मुलाला कुणी हसले नाही. दोघांनी जॅक लावला, चाक काढले, आणि गळका व्हील सिलिंडर त्याच्या हातात ठेवला. अशा जमण्याचा उपयोग मला विचाराल तर हा आहे. एकट्याने गॅरेजमध्ये केलेल्या कामातली चूक दुसऱ्या पाच जणांच्या डोळ्यांना दिसते.

कायद्याचाही थोडा परिचय हवा. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम गाडीत मूळ रचनेविरुद्ध बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2019 च्या जानेवारीत ही गोष्ट स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बेकायदा बदलाला 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी तरतूद झाली. गॅसचे मान्यताप्राप्त किट किंवा अपंग चालकासाठी केलेली सोय यांना वाट ठेवलेली आहे. त्यासाठी कल्याणच्या परिवहन कार्यालयात जाऊन रीतसर नोंद करावी. न कळवता केलेला बदल अपघातानंतर विम्याच्या दाव्याच्या आडही येऊ शकतो. जुन्या फियाटवाल्यांनी तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. 2021 च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला विंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, पण सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल झालेला नसला तरच. आज ज्याने हौसेने हेड घासले, तो उद्या आपल्या गाडीचा हा मान घालवून बसेल.

एवढे सगळे ऐकून एक जण म्हणाला, “म्हणजे सर, आम्ही करायचं तरी काय?” या प्रश्नाला नुसते ‘सावकाश चालवा’ म्हणून उत्तर देणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. वेगाची ओढ खोटी नाही. चेन्नईजवळ शोळावरमच्या जुन्या धावपट्टीवर कित्येक वर्षे शर्यती होत, आणि तिथे घरी सजवलेल्या फियाटही उतरत. 1990 पासून इरुंगट्टुकोट्टईला त्यासाठी पक्का मार्ग आहे. तिथे शिरस्त्राण लागते, गाडीची तपासणी होते, रुग्णवाहिका उभी असते, आणि समोरून बैलगाडी येत नाही. पण अंबरनाथच्या फिटरला दर महिन्याला चेन्नईला जाणे कसे परवडावे? त्याला जवळपास एखादे सपाट, कुंपण घातलेले मैदान हवे. तिथे शंकू मांडून कमी वेगात गाडी फिरवण्याच्या स्पर्धा होऊ शकतात. तीत घोड्यांपेक्षा हात, टायर आणि ब्रेक यांची परीक्षा होते, आणि सामान्य फियाटवाला महागड्या गाडीला मागे टाकू शकतो.

औद्योगिक वसाहतीत मोकळे भूखंड आहेत. महिन्यातून एक सकाळ, ठरलेल्या वेळी, पोलिसांच्या परवानगीने आणि विमा उतरवून असा एखादा भूखंड या मुलांना मिळावा, असा अर्ज त्यांनी लिहिला आहे. मराठी मी तपासून दिले. सध्या सह्या गोळा करण्याचे काम चालू आहे, आणि त्यात मुलांच्या आईवडिलांच्या सह्याही घ्याव्यात, अशी सूचना त्यांच्यातल्याच एकाने केली आहे.