प्राग कुणाचे?



१९५६ साली मराठी माणसाला विचारण्यात आले, मुंबईत तुमचे आहे काय? गिरण्या कुणाच्या, पेढ्या कुणाच्या ते बघा! म्हणे ज्याची थैली त्याचे शहर. १ मे १९६० ला महाराष्ट्राने त्याचे उत्तर दिले. ते देताना किती जणांनी छातीवर गोळ्या झेलल्या, हे इथे कुणाला सांगायला नको. पण हा थैलीचा हिशेब काही मुंबईतच जन्मला नाही. युरोपात चेक लोकांच्या प्रागलाही तो ऐकावा लागला होता.

प्रागला चेक लोक ‘प्राहा’ म्हणतात. दंतकथा अशी, की लिबुशे नावाच्या राणीने माणसे पाठवली आणि सांगितले, रानात एक जण घराचा उंबरठा घडवताना दिसेल, तिथे नगर वसवा. उंबरठ्याला त्यांचा शब्द ‘प्राह’, म्हणून नगर प्राहा. कथा खरी की खोटी ते पंडितांनी ठरवावे. पण ज्या शहराची दंतकथा सुताराच्या हातापासून सुरू होते, ते शहर मला आवडते! व्ल्तावा नदीकाठच्या टेकडीवरचा किल्ला मात्र खराच नवव्या शतकाचा आहे. चौथ्या चार्ल्सने १३४८ साली इथे विद्यापीठ काढले आणि नवे नगर वसवले.

मग १६२० च्या लढाईत चेक सरदार हरले. पुढल्या वर्षी भर चौकात २७ पुढाऱ्यांना ठार मारले आणि बारा जणांची मुंडकी पुलाच्या बुरुजावर टांगली. सत्ता व्हिएन्नाची झाली. हळूहळू दरबार, कचेरी, शाळा, सगळीकडे जर्मन आली. चेक उरली ती शेतात, चुलीपाशी अन् बाजारात. शिकलेल्याने चेक बोलावे म्हणजे कमीपणा! चेक राष्ट्राचा इतिहास लिहिणारे पालात्स्की, त्यांनीसुद्धा तो आधी जर्मनमध्ये लिहिला. संगीतकार स्मेताना तर चेक लिहायला मोठेपणी शिकले.

पण खेड्यांतून कामगार प्रागच्या कारखान्यांत येत होते, आणि येताना आपली भाषा घेऊन येत होते. १८६१ साली नगरपालिकेत चेकांचे बहुमत झाले. आणि त्यांनी हट्ट धरला तो कशाचा? नाटकगृहाचा! होय, आपल्या भाषेतल्या नाटकाला आपले घर हवे. गावोगाव वर्गणी सुरू होतीच. १८६८ साली पायाभरणी झाली, तेव्हा डोंगराडोंगरांतून दगड आले. ज्या रझिप डोंगरावर मूळपुरुष चेक येऊन उभा राहिला म्हणतात, तिथला एक. एक तर शिकागोला गेलेल्या चेकांनी समुद्रापलीकडून धाडला.

जून १८८१ मध्ये पडदा उघडला, स्मेतानांच्या ‘लिबुशे’ ऑपेराने. स्मेताना तोवर ठार बहिरे झाले होते. आणि ऑगस्टमध्ये, मंडळी, नाटकगृहाला आग लागली! छप्पर गेले, रंगमंच गेला. दुसरे कुणी असते तर कपाळाला हात लावून बसले असते. ह्यांनी पुन्हा झोळी फिरवली आणि ४७ दिवसांत दहा लाख गुल्डन जमवले. श्रीमंतांनी दिले तसे गरिबांनीही दिले. १८८३ साली नाटकगृह पुन्हा उघडले. रंगमंचाच्या वर अक्षरे आहेत, ‘नारोद सोबे’, राष्ट्राने स्वतःसाठी. विद्यापीठाचेही १८८२ साली दोन भाग झाले होते, एक चेक अन् एक जर्मन.

२८ ऑक्टोबर १९१८ ला चेकोस्लोव्हाकियाचे प्रजासत्ताक झाले. प्राग त्याची राजधानी झाली. १९९३ पासून ती चेक प्रजासत्ताकाची राजधानी आहे.

आता एक कडू गोष्टही सांगतो. ती लपवून भाषण करणे मला जमायचे नाही. जर्मन बोलणारेही त्या शहराचेच होते. काफका १८८३ सालचा, प्रागमध्येच जन्मलेला, आणि त्याने लिहिले जर्मनमध्ये. तिथल्या ज्यूंचा नाझींनी संहार केला. १९४५ नंतर जर्मनांना लाखोंनी देशाबाहेर घालवले, त्यांत नाझींशी काही संबंध नसलेलेही होते. थिएटर बांधणाऱ्यांनी हे मागितले नव्हते. आपल्या भाषेला शहरात घर मागणे वेगळे, शेजाऱ्याचे घर मोडणे वेगळे. मुंबईसाठी लढलेल्या गिरणीकामगारांनी पहिलेच मागितले होते.