रोजच्या व्यवहाराचे इंग्रजी



आजचा विषय पंडितांचा नाही. शेक्सपिअर-मिल्टन यांच्याविषयी बोलण्याचा माझा अधिकार नाही, आणि आज त्याची गरजही नाही. दुकानात, बँकेत, आगगाडीत, परगावच्या माणसाशी फोनवर बोलताना जे साधे इंग्रजी लागते, त्याविषयी चार गोष्टी सांगण्यासाठी मी उभा आहे. हे साधे इंग्रजी वेळेवर न सुचल्यामुळे आपल्यातली किती शहाणीसुरती माणसे गप्प बसतात, हे आपण रोज पाहतो.

आमच्या शेजारच्या काकू मुलाकडे परदेशी राहून आल्या. तिथे एकदा त्या शेजारणीकडे बसायला गेल्या. निघताना दारात उभ्या राहून त्या म्हणाल्या, "आय कम." शेजारीण बिचारी दार धरून उभीच राहिली, बाई आत येतात की बाहेर जातात, हे तिला कळेना. घरी ही हकीकत ऐकून सगळे पोट धरून हसले. काकू मला म्हणाल्या, "त्या दिवसापासून मी इंग्रजीत तोंड उघडलं नाही हो. नातवाशीसुद्धा नाही." नातवाला मराठी येत नव्हते. म्हणजे एका वाक्यापायी आजी आणि नातू एकमेकांना मुकले.

आता पाहा, काकूंचे चुकले काय? शब्द तर त्यांना ठाऊक होते. पण आपण मराठी माणसे निरोप घेताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. 'जातो' म्हणणे आपल्याला अभद्र वाटते. ही आपली रीत झाली. इंग्रजांची रीत निराळी. 'पुन्हा भेटू' अशा अर्थाने ते 'सी यू' म्हणतात. काकूंनी शब्द इंग्रजी घेतले आणि रीत मराठी ठेवली. आपल्या बहुतेक चुका याच जातीच्या असतात.

दुसरे उदाहरण घ्या. आपण दार बंद करतो, दिवा बंद करतो, पंखाही बंद करतो. म्हणून मुलगा सहज म्हणतो, "क्लोज द फॅन." इंग्रजीत दार 'क्लोज' करतात किंवा 'शट' करतात; दिवा आणि पंखा मात्र 'स्विच ऑफ' करायचा. आपल्या एका क्रियापदाची तिथे दोन-तीन होतात. उलटही घडते. आपण साडी नेसतो, टोपी घालतो, फेटा बांधतो, चष्मा लावतो. इंग्रज या सगळ्यांना एकच 'पुट ऑन' लावून मोकळा होतो! तेव्हा मराठीच्या एका शब्दासमोर इंग्रजीचा एक शब्द लिहून वह्या भरल्या, तर वह्या भरतील. भाषा येणार नाही.

बोलण्यातल्या आदराचेही असेच आहे. आपण 'पाणी द्या' म्हणतो, तेव्हा त्या 'द्या' मध्येच आदर आलेला असतो. लहान मुलाला 'दे', वडीलधाऱ्यांना 'द्या'. इंग्रजी क्रियापदाला ही सोय नाही. 'गिव्ह' म्हटले की राजाला तेच आणि रंकालाही तेच. म्हणून तिथला आदर निराळ्या शब्दांत ठेवलेला असतो. 'गिव्ह मी वॉटर' हे व्याकरणाने शुद्ध आहे, पण इंग्रजाच्या कानाला ते हुकमासारखे लागते. 'कुड आय हॅव सम वॉटर, प्लीज?' एवढे म्हटले की आपले 'द्या' पुरे झाले. आपला सुशील, मर्यादशील मनुष्य इंग्रजी बोलू लागला की कधीकधी उद्धट वाटतो, त्याचे मूळ येथे आहे.

कोणी म्हणेल, इंग्रजी शब्द तरी किती म्हणून पाठ करायचे? या प्रश्नावर विद्वानांनी पुष्कळ मेहनत घेतली आहे. सी. के. ऑग्डेन यांनी 1930 साली अवघ्या 850 शब्दांचे 'बेसिक इंग्लिश' मांडले. त्यात क्रियापदे फक्त 18! पुढे 1953 साली मायकेल वेस्ट यांनी सुमारे 2000 नित्योपयोगी शब्दांची यादी प्रसिद्ध केली. हे वेस्टसाहेब ढाक्याला शिक्षणखात्यात होते, आणि बंगाली मुलांच्या अडचणी पाहतच त्यांचे विचार घडले. साध्या इंग्रजी पुस्तकातला बराच मोठा भाग या दोन हजार शब्दांत उरकतो.

मग गाडे अडते कुठे? ऑग्डेन यांच्या अठरा क्रियापदांतच त्याचे उत्तर आहे. 'पुट' म्हणजे ठेवणे, एवढे प्रत्येकाला ठाऊक असते. पण 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणे आणि 'पुट अप विथ' म्हणजे सोसून घेणे. 'गिव्ह' म्हणजे देणे, पण 'गिव्ह अप' म्हणजे सोडून देणे. शब्द थोडे, पण त्यांच्या जोड्या अगणित. यात इंग्रजीला दोष देण्याचे कारण नाही. एखादा परका मनुष्य 'मन' आणि 'घेणे' हे दोन शब्द शिकून आला, तर त्याला 'मनावर घेणे' कळेल काय? किंवा रस्त्यात आपण 'काय, जेवलात का?' असे विचारतो, तेव्हा तो खरोखर जेवणाची चौकशी समजून काल रात्रीपासूनचा हिशेब सांगू लागला तर? 'हाउ आर यू?' हे त्यांचे 'जेवलात का?' आहे. तिथे आपल्या संधिवाताची हकीकत सांगायची नसते. 'फाइन, थँक यू' म्हणून पुढे व्हायचे असते.

आपल्या मागच्या पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकल्या. त्या पाठमालेचे उपकार मोठे आहेत. पण भाषांतराने वाचणे-लिहिणे येते, तोंड उघडायला तेवढे पुरत नाही. महाराष्ट्रात 2000 सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवले जाते. तरीही दहावी झालेला मुलगा मुलाखतीत अडखळतो. त्याने शब्दार्थ पाठ केलेले असतात. अख्खे वाक्य त्याच्या जिभेवर कधी फिरलेले नसते.

म्हणून माझी सूचना अगदी साधी आहे. सुटा शब्द पाठ करू नका. तो ज्या वाक्यात राहतो ते वाक्य घ्या. 'मेडिसिन म्हणजे औषध' असे लिहिण्याऐवजी 'टेक धिस मेडिसिन आफ्टर फूड' असे अख्खे लिहा. म्हणजे औषध 'ईट' करायचे नसून 'टेक' करायचे, हेही त्यातच आले. दुकान, स्टेशन, दवाखाना, टेलिफोन, अशी एकेक जागा घ्या. रोज तीनच वाक्ये, पण मोठ्याने म्हणा, आणि दुसऱ्या दिवशी कालची तीन पुन्हा म्हणा. महिन्याला नव्वद होतात. एवढ्या भांडवलावर मनुष्य आपली निकड सांगू शकतो. मूल आईच्या मांडीवर भाषा शिकते ते असेच. ते 'पाहिजे'चा अर्थ कोशात पाहत नाही.

आणि शेवटची विनंती शिकणाऱ्यांना नाही, ऐकणाऱ्यांना आहे. परप्रांतीय माणूस मोडके मराठी बोलला की आपल्याला केवढे कौतुक वाटते! आपलाच माणूस मोडके इंग्रजी बोलला की मात्र आपण हसतो. हे हसू फार महागात पडते. त्या हसण्याने काकूंचे तोंड बंद झाले. इंग्रजी ही काही आपल्या अब्रूची परीक्षा नव्हे. ते कामाचे हत्यार आहे, आणि हत्यार हातात घेतले की सुरुवातीला बोट कापायचेच.

काकू पुढच्या वर्षी पुन्हा मुलाकडे जाणार आहेत. सध्या रोज संध्याकाळी त्या तीन वाक्ये म्हणतात. पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारले, "नातवाला जवळ ये, गोष्ट सांगते, हे कसं म्हणायचं?" मी सांगितले, "कम हिअर, आय विल टेल यू अ स्टोरी." हे वाक्य त्यांचे आता पक्के झाले आहे. यात 'कम' आहे, आणि यावेळी ते आपल्या जागी आहे.