खड्डा कोण उपसणार?



सन २०३० पर्यंत जगातील प्रत्येक माणसाला शौचालय आणि हात धुण्याची सोय मिळावी, असे उद्दिष्ट संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली स्वीकारले. त्या दिशेने झालेली वाटचाल नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. बांगला देशात १९९० साली सुमारे एक तृतीयांश लोक उघड्यावर शौचास बसत. २०१५ पर्यंत ते प्रमाण शेकडा एकवर आले. भारतात २०११ च्या जनगणनेनुसार ग्रामीण भागातील शेकडा ३१ घरांतच शौचालय होते. २०१४ नंतरच्या पाच वर्षांत, प्रत्येकी १२,००० रुपयांचे अनुदान देऊन, दहा कोटींहून अधिक ग्रामीण शौचालये बांधल्याचे सरकार सांगते.

परंतु शौचालये मोजणे हा कंत्राटदाराचा हिशेब झाला. मैला पुढे जातो कोठे? २०२२ साली जगातील सुमारे साडेतीनशे कोटी लोकांना त्याची सुरक्षित विल्हेवाट लावणारी सोय उपलब्ध नव्हती.

दोन शोषखड्ड्यांच्या शौचालयात एक खड्डा भरला की प्रवाह दुसऱ्याकडे वळवायचा. दीड-दोन वर्षांत पहिल्या खड्ड्यात निर्गंध खत तयार होते आणि ते घरधन्याने स्वतः फावड्याने काढावे, अशी ही साधी व स्वस्त योजना. उत्तर भारतातील खेड्यांत मात्र अनेकांना एकच, पण भलामोठा खड्डा हवा असतो. का? तर तो उपसण्याची वेळच लवकर येऊ नये म्हणून! शेणात हात घालणाऱ्याला या खताचा विटाळ वाटतो. अडचण केवळ पैशाची असती तर ती अनुदानाने सुटली असती. ती जातीची आहे.

आप्पासाहेब पटवर्धनांनी हे फार पूर्वी ओळखले होते. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी सफाईकाम करण्याचा हक्क मागितला आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी गांधीजींनी येरवड्यात उपवास आरंभला. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात आप्पासाहेबांनी मैल्याचे खत करणारा संडास प्रचारात आणला.

हाताने मैला साफ करून घेण्यास बंदी घालणारे कायदे १९९३ आणि २०१३ साली झाले. गटारात गुदमरून मेलेल्या कामगाराच्या कुटुंबाला दहा लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले. २०२३ साली ती रक्कम तीस लाख केली. भरपाई वाढवावी लागते याचाच अर्थ माणसे अजून आत उतरतात. कार्यकर्त्यांनी आपापल्या नगरपालिकेचे अंदाजपत्रक मागवून पाहावे: मैला उपसणाऱ्या यंत्रांसाठी किती तरतूद आहे, आणि कंत्राटदाराच्या हजेरीपटावर गटारात उतरणाऱ्यांची नावे तरी आहेत काय?