काशीच्या जद्दनबाई

काशी म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे दशाश्वमेधाचा घाट, गंगेची कावड आणि अहिल्याबाईंनी 1780 साली पुन्हा उभारलेले विश्वेश्वराचे देवालय यांचीच चित्रे प्रथम उभी राहतात. या देवालयापासून थोड्याच अंतरावर चौक आहे आणि चौकाला लागून दालमंडी नावाची अरुंद गल्ली आहे. यात्रेकरूंचे पाऊल या गल्लीकडे सहसा वळत नसे. तथापि ठुमरी, दादरा, चैती, कजरी हे जे गानप्रकार आज बनारसचे भूषण म्हणून गौरविले जातात, ते जतन झाले ते बव्हंशी तेथील माड्यांवर. गाणे हवे, परंतु गाणारी नको, असा समाजाचा न्याय होता. काशीतील अशाच गाणाऱ्या स्त्रियांच्या परंपरेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जद्दनबाईंचा जन्म झाला.

त्यांच्या आईचे नाव दलीपाबाई. आईचा वारसा चालविण्यासाठी कन्येने गाणे शिकावे, हे ठरलेलेच होते. न ठरलेली गोष्ट ही की, या कन्येने गुरूही मोठा शोधला. ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्यातील श्रीमंत गणपतराव ऊर्फ भैय्यासाहेब हे ठुमरीचे मर्मज्ञ आणि पेटीवर बोटांनी गाणारे म्हणून विख्यात होते. राजघराण्याचा हा मराठी पुरुष कलकत्त्यास राहत असताना जद्दनबाईंनी त्यांचे शिष्यत्व पत्करले. 1920 साली भैय्यासाहेब निवर्तले आणि पुढील तालीम उस्ताद मोइनुद्दीन खाँ यांजकडे झाली. रामपूर, ग्वाल्हेर, इंदूर, बिकानेर अशा संस्थानांतून बाईंना बोलावणी येऊ लागली. त्यांच्या गझलांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या.

एवढ्यावर संतुष्ट होऊन त्या थांबत्या, तर त्यांचे नाव जुन्या रसिकांच्या आठवणीपुरतेच उरते. परंतु 1931 साली 'आलम आरा' हा पहिला भारतीय बोलपट झळकला आणि वारे बदलले. त्या काळी पार्श्वगायनाची सोय नव्हती. नटाने कॅमेऱ्यापुढे उभे राहावे आणि आपले गाणे आपणच म्हणावे, अशी रीत होती. साहजिकच ज्यांना गाता येत होते, त्यांना चित्रपटांची दारे उघडली. जद्दनबाई 1933 साली लाहोरच्या प्लेआर्ट फोटोटोन कंपनीच्या 'राजा गोपीचंद'मध्ये राजमातेच्या भूमिकेत आल्या. पुढच्याच वर्षी मुंबईत निघालेल्या 'सेवासदन' या बोलपटातही त्यांनी काम केले. प्रेमचंदांच्या ज्या कादंबरीवर तो आधारलेला होता, तिची नायिका काशीचीच गृहिणी आणि तिची कोसळण्याची जागा दालमंडी. दालमंडीवरच्या या कथेत काशीच्याच एका गायिकेने भूमिका करावी, हा योग विलक्षणच म्हणावयास हवा.

याच सुमारास महाराष्ट्रात 'अयोध्येचा राजा'मधून दुर्गाबाई खोटे पडद्यावर आल्या होत्या. कुलीन घरातील सुशिक्षित स्त्री बोलपटात आली, याची मोठी चर्चा झाली. दुर्गाबाईंना प्रतिष्ठा पणास लावावी लागली. जद्दनबाईंना ती मिळवावी लागली. मानधन घेऊन दुसऱ्याच्या हुकुमानुसार गाणे, मग ते दरबारात असो की स्टुडिओत, यात परावलंबन तेच, हे त्यांनी ओळखले असले पाहिजे. कारण अवघ्या दोन वर्षांत त्यांनी मुंबईत 'संगीत फिल्म्स' ही स्वतःची चित्रसंस्था काढली.

या संस्थेच्या 1935 सालच्या 'तलाशे हक'चे संगीत त्यांनीच दिले. चित्रपटास संगीत देणाऱ्या आरंभीच्या मोजक्या भारतीय स्त्रियांत त्यांची गणना होते. याच चित्रात 'बेबी रानी' या नावाने त्यांची सहा वर्षांची कन्या झळकली. मग 1936 साली 'मॅडम फॅशन' व 'हृदय मंथन', 1937 साली 'मोती का हार' व 'जीवन स्वप्न' असे चार बोलपट त्यांनी दिग्दर्शित केले. निर्मिती, दिग्दर्शन, संगीत ही सारी ओझी एकाच बाईने एकाच वेळी वाहावी, हे त्या काळी पुरुषांनाही सहज न साधणारे काम होते.

कन्येचे खरे नाव फातिमा रशीद. वडील उत्तमचंद मोहनचंद वैद्यकीय शिक्षणाच्या वाटेवर असताना या संसाराकडे वळले होते. कन्येलाही डॉक्टर व्हावयाचे होते. आईने तिला मुंबईच्या क्वीन मेरी शाळेत घातले. परंतु मेहबूब खानांनी नायिकेसाठी विचारताच 1943 सालच्या 'तकदीर'मध्ये चौदा वर्षांची मुलगी नर्गिस म्हणून पडद्यावर आली. येथे एक प्रश्न राहतोच. ज्या बाईने आईच्या धंद्याच्या चौकटीतून आपली सुटका करून घेतली, तिने मुलीस निवड दिली काय? घराचा भार कोवळ्या खांद्यांवर पडला, हे नाकारता येत नाही. मात्र मुलीची सूत्रे दुसऱ्याच्या हाती जाऊ नयेत, ही दक्षता आईने घेतली. 'नर्गिस आर्ट' या घरच्या संस्थेने 1947 साली 'रोमिओ अँड ज्युलिएट' काढला. दिग्दर्शक पुत्र अख्तर हुसेन. मंटोंनी लिहिलेल्या नर्गिसच्या व्यक्तिचित्रातही घराची कर्ती म्हणून ठसते ती आईच.

1946च्या सुमारास, ज्यांचे खाजगी जीवन लोकापवादाचा विषय आहे अशा गायिकांना नभोवाणीने दार बंद केले. ज्या कंठांनी ठुमरी जपली, त्यांतील कितीतरी कंठ त्यामुळे मुके झाले. जद्दनबाईंनी स्वतःसाठी दुसरे घर बांधून ठेवले होते. प्रत्येकीस ते शक्य नव्हते.

8 एप्रिल 1949 रोजी त्यांचे मुंबईस निधन झाले. त्याच वर्षी 'अंदाज' व 'बरसात' या चित्रांनी नर्गिस कीर्तिशिखरावर पोचली. 1958 साली तिला पद्मश्री आणि 1980 साली राज्यसभेचे सदस्यत्व लाभले. काशीच्या ज्या स्त्रियांकडे समाज पाठ फिरवून गाणे ऐकत असे, त्यांच्यातील एकीची मुलगी संसदेत सन्मानाने बसली. तो दिवस पाहावयास आई नव्हती. पण त्या वाटेचा पहिला टप्पा तिने स्वतः चालून ठेवला होता.